न हलणारं हँडल

आमच्या धंद्यात फोटो निघतो तो वर चढलेल्या माणसाचा. दोरीला लटकलेला, हातात झाड कापायचं कटर, खाली बंगल्याचा मालक मोबाइल वर करून उभा. त्या कटरची चेन सकाळी कानशीनं कुणी घासली, पिकअपच्या हौद्यात पेट्रोलचे कॅन कुणी बांधले, हे फोटोत येत नाही. येण्याचं कारणही नाही. ते काम माझं आहे आणि ते खाली, शेडमध्ये होतं.

शेड पिरंगुटहून पौडकडे जाताना रस्त्याला लागून आहे. जागा सासरची. आजूबाजूची शेतं विकली गेली, तिथं आता कुंपणं आणि प्लॉटच्या पाट्या आहेत. आमचा तुकडा तिरका आहे, तो कुणी मागितला नाही, म्हणून राहिला. लग्नाआधी मी पिरंगुटच्या एका कारखान्यात पंप जोडायचे. कुठला बोल्ट किती आवळायचा, गॅस्केट कशी बसवायची, हे तिथं शिकले. नवरा तेव्हा कुऱ्हाड घेऊन लोकांच्या बांधावरची झाडं तोडून द्यायचा. पहिलं कटर मशीन त्यानं लग्नानंतर लगेच घेतलं. मग या भागात बंगले आले, रिसॉर्ट आले, सोसायट्या आल्या. झाडं आहेत म्हणून जमीन घेणारे लोक आधी झाडांचे फोटो काढतात आणि दोन-तीन वर्षांनी आम्हाला फोन करतात. पानं पोहण्याच्या तलावात पडतात, फांदीची सावली सोलरवर येते, माकडं गच्चीत उतरतात. काम वाढलं तशी यंत्रं वाढली आणि यंत्रं वाढली तशी मी त्यांच्यात ओढली गेले. आता चार कटर आहेत, उंच फांद्यांसाठी लांब दांड्याचा एक वेगळा, एक पिकअप, एक जुना ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालणारं, फांद्यांचा भुगा करणारं चिपर.

सासूला हे पसंत नव्हतं. आल्यागेल्याला ती सांगायची, "हिच्या हाताला गिरीसचा वास येतोय, उद्या भाकरीला बी यील." भाकरी तीच करायची, त्यामुळं मी वाद घातला नाही.

संध्याकाळी यंत्रं परत आली की मी ती ओट्यावर मांडून बघते. चेनचे दात बोथट झाले असतील तर कुणीतरी फांदी जमिनीला टेकवून कापली आणि चेन मातीत गेली. फिल्टर भुश्शानं भरलेला असेल तर मशीन दिवसभर झटकलेलंच नाही. पिकअप घाटाकडून आली की क्लचच्या वासावरून कळतं, चढावर कुणी गिअर बदलायचा कंटाळा केला. माणसं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. पण दमून आलेला माणूस बरंच सांगायचं विसरतो.

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टचं मोठं काम चालू होतं. दुपारी पिकअप लवकर परत आली, म्हणून मी यंत्रं उजेडात बघितली. मोठ्या कटरच्या मागच्या हँडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती.

आमच्याकडे ट्यूबच्या पट्टीनं काहीही बांधतात. गळका पाइप, पिकअपचा आरसा, तुटलेली चप्पल. पण ही पट्टी जिथं होती तिथं ती असायला नको होती. कटरच्या हँडलला खालून रेसचा खटका असतो आणि वरून एक पट्टी. तळव्यानं वरची पट्टी दाबली तरच खालचा खटका दबतो. एखादी काटकी चुकून खटक्यात शिरली, मशीन हातातून निसटलं, तर चेन फिरू नये म्हणून ती सोय. कुणीतरी ट्यूब आवळून वरची पट्टी कायमची दाबून टाकली होती. आता नुसतं एक बोट लागलं तरी चेन फिरली असती.

कामावर यंत्रांची बांधाबांध झाडावर चढणारा गडी करतो, म्हणून मी त्याला बोलावलं. हा आमच्याकडे बरीच वर्षं आहे. धरणाकाठच्या गावचा, बायको-मुलीसह आमच्याच मागच्या खोलीत राहतो. मी त्याला बरंच बोलले. पाय तुटला तर कुणाच्या दारात जाऊन बसशील, पोरीला काय सांगशील, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "चुकलं, वहिनी." मी ब्लेडनं ट्यूब कापली आणि कचऱ्यात टाकली.

आठवडा गेला नाही तोवर नवी पट्टी. या वेळी आणखी घट्ट बांधलेली.

पुन्हा आरडाओरडा करण्याआधी मी मशीन नीट बघितलं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण प्लास्टिकचं असतं, दोन बोटांनी फिरवायचं. त्यावर पकडीच्या दातांच्या खुणा होत्या. मशीन चालू करायच्या दोरीच्या मुठीवर जाड कापड गुंडाळलेलं होतं. मग मी पिकअपकडे गेले. चावी किंचित वाकलेली होती, जशी ती आडवी घालून जोरानं फिरवल्यावर वाकते. यातलं एकही काम चढणाऱ्या गड्याचं नव्हतं. पिकअप नवरा चालवतो. मोठं कटर नवऱ्याचं आहे, ते दुसरा कुणी चालवत नाही.

त्यानंतर मी मशीनकडे बघायचं सोडून माणसाकडे बघायला लागले. नवरा चहा कपातून घ्यायचा सोडून स्टीलच्या पेल्यातून, दोन्ही हातांनी धरून घेत होता. बटणांचे शर्ट पेटीत गेले होते, रोज टी-शर्ट. गिऱ्हाइकाला उत्तर टाइप करण्याऐवजी तो मोबाइलवर बोलून पाठवायचा. हातमोजे तर तो घरातही काढत नव्हता. सासू म्हणाली, "नवी नवरी हायेस का, मेंदी लावल्यागत हात झाकून बसतूयास." तो हसला आणि उठून बाहेर गेला.

एका गार सकाळी तो पिकअपचं बॉनेट उघडून उभा होता. इंजिन चालू. मला बघून म्हणाला, बॅटरीचं बघतोय. बॅटरी मी आदल्याच दिवशी बघितली होती. मी जवळ गेले. त्यानं हातमोजे काढून दोन्ही हात इंजिनच्या धगीवर धरले होते. मधली बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी होती. फिकट म्हणत नाही मी, पांढरी, फळ्यावरच्या खडूसारखी. आणि जिथं पांढरं संपतं तिथं रेघ मारल्यासारखं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"काय कधीपासनं?"

"बोटं."

"थंडी हाय. सगळ्यांचीच हुत्यात."

मी माझा हात पुढं केला. मी पहाटे उठून त्याच थंडीत गार पाण्यानं पिकअपची काच धुतली होती. "माझी न्हाई झाली."

"तुझी लोखंडाची हायेत," तो म्हणाला.

मी इंजिन बंद केलं. ट्यूबची पट्टी तुम्हीच बांधता ना, म्हणून विचारलं. तो म्हणाला की तळव्यानं वरची पट्टी दाबली आहे की नाही हेच कळत नाही. कळत नाही, म्हणून ती बांधायची. बोटाला खटका तेवढा लागला की झालं. मी म्हटलं, तो बिचारा तुमच्या वाट्याची बोलणी खाऊन गेला. यावर तो म्हणाला, "त्यानं आपणहून खाल्ली. मी सांगितलं न्हवतं." मला दोघांचाही राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ज्याला खटका दाबलाय की सोडलाय ते कळत नाही असा माणूस रोज फिरती चेन हातात घेऊन दुसऱ्याच्या दोरीच्या बाजूला उभा होता.

पुण्याला डॉक्टरकडे न्यायला मला फार वाद घालावा लागला. शेवटी सासूनं एका वाक्यात त्याला गाडीत बसवलं. ती म्हणाली, जाऊ नकोस, बायकोला सवय करू दे तुला घास भरवायची.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बोटांना सुई टोचून, गार-गरम लावून, डोळे मिटायला सांगून बघितलं. डोळे मिटल्यावर त्याला हातातली किल्ली आणि नाणं यातला फरक सांगता आला नाही. तो अंदाज करत होता आणि चुकत होता. बाईंनी शांतपणे समजावलं. वर्षानुवर्षं थरथरणारं यंत्र धरल्यानं बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. जे गेलंय ते परत येईलच असं नाही. यंत्र आज थांबवलं तर उरलेलं राहील. नाही थांबवलं तर पुढं जेवताना घास धरणंही कठीण होईल. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मशीनचं हँडल खूप थरथरतं का?"

नवरा खुर्चीत ताठ बसला. "माझं? अजिबात न्हाई. आमच्या भागात माझ्या मशीनएवढं टाइट मशीन कुणाचं न्हाई. हँडल धरून हलवून बघा, केसभर हलणार न्हाई."

बाईंनी लिहून घेतलं. पण ते वाक्य मला खटकलं. घरी येईपर्यंत मी त्याचाच विचार करत होते. परतीच्या वाटेवर पिकअप मी चालवत होते, आणि त्याला नवऱ्यानं हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी तो झोपेतून उठायच्या आत मी मोठं कटर ओट्यावर घेतलं आणि हँडल खोललं. हे काम मी कधी केलेलं नव्हतं. इंजिन, चेन, प्लग, फिल्टर माझ्याकडे, पण हँडल त्याच्याकडे, अशी आमच्यात पहिल्यापासून वाटणी होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुवायची, पुसायची, आणि तो स्वतः बसून एकेका मशीनचं हँडल उघडून आवळायचा. माझ्या दृष्टीनं तो पूजेचाच भाग होता. मी बाजूला झेंडूच्या माळा ओवत असायचे.

कटरमध्ये हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे बुश असतात. इंजिनची थरथर त्या रबरात मुरावी, हातापर्यंत पोचू नये, म्हणून. पंपाखाली रबराचे पाय असतात, तेही त्याचसाठी. आमच्या मशीनमध्ये रबर नव्हतं. त्याजागी पांढरे, कडक, गुळगुळीत तुकडे होते. नायलॉनचे. लेथवर कातलेले, अगदी मापात, कुठं खरचटलेलंही नाही. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम होतं ते.

नवरा उठून आला तेव्हा चारही बुश ओट्यावर मांडलेले होते. त्याचा चेहरा आधी उजळला. त्याला वाटलं मी कौतुक करणार. मग त्यानं सांगितलं. पहिलं मशीन घेतलं तेव्हा ते हातात ढिलं लागायचं. पातं लाकडात घातलं की हँडल वेगळं हलतंय आणि मशीन वेगळं, असं वाटायचं. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की पातं निसटून माणसाच्या अंगावर येतं, तसंच हे, असं त्यानं धरलं. पिरंगुटच्या लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश करून घेतले आणि रबर फेकून दिलं. मशीन घट्ट झालं. कट सरळ जायला लागला. तेव्हापासून घेतलेल्या प्रत्येक मशीनला त्यानं हेच केलं.

कुऱ्हाडीचा दांडा आणि कटरचं हँडल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याला सांगितलं. कुऱ्हाडीला इंजिन नसतं. रबर हलतं ते हलण्यासाठीच असतं, ते हललं नाही तर तुमचा हात हलतो, दिवसभर. पंपाचं उदाहरण दिलं. तो ऐकत होता पण मानत नव्हता.

"मग इतकी वर्सं काय झालं न्हाई ते?" तो म्हणाला.

"झालं की. रोज थोडं थोडं झालं."

"डॉक्टरीणबाईंनी तुला बी शिकवलं व्हय."

मी बुश खिशात टाकले, मोठं कटर कपाटात घातलं आणि कुलूप लावलं. त्या दिवशी तो कामावर गेला. संध्याकाळी आमचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाकडून कळलं की त्यानं एका मित्राचं मशीन मागून आणलं आणि दिवसभर तेच चालवलं. मी त्याला विचारलं नाही. काय विचारायचं. या भागात मोठं झाड घराच्या दोन भिंतींमध्ये अचूक पाडायचं असलं की लोक त्याचं नाव घेतात. रिसॉर्टवाले फोनवर आधी विचारतात, तुम्ही स्वतः येणार ना. त्याला खाली उभं करणं म्हणजे काय, ते मला समजत होतं. समजून उपयोग नव्हता. रात्री झोपेत तो बोटं चोळत असायचा आणि सकाळी मागून आणलेलं मशीन पिकअपमध्ये टाकून निघायचा. घरात आम्ही फक्त यंत्रांबद्दल बोलत होतो. ट्रॅक्टरचं तेल बदललं का, चिपरची पाती आली का. सासूसुद्धा गप्प झाली होती आणि ते जास्त वाईट होतं.

पुण्याहून मी रबराचे बुश मागवले आणि उरलेली मशीन एक-एक करून उघडायला लागले. सगळ्यांत नायलॉनच. चढणाऱ्या गड्याचं छोटं मशीन शेवटी आलं. ते तो वर फांदीवर बसून, शरीराच्या अगदी जवळ धरून चालवतो. त्याचे बुश सगळ्यात नवे होते.

मी त्याला हाक मारली. हे कुणी बसवले विचारलं. दादानं, म्हणाला. खंडेनवमीला. त्याच्या आवाजात अजून कौतुक होतं. मी त्याला हात पुढं करायला सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. डाव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरी होती. नखांच्या आसपास फक्त.

"मुंग्या येत्यात सकाळच्या पारी," तो म्हणाला. "जातंय हातापाय हलवलं की. पोरीची वेणी तेवढी घालता येत न्हाई. दादाला सांगू नका, वहिनी. त्येला वाटंल मी काम टाळतुया."

मी त्याला तिथंच बसवून ठेवलं. नवरा जेवायला आला तसं त्याला शेडमध्ये बोलावलं आणि गड्याला सांगितलं, हात ओट्यावर ठेव. त्यानं ठेवले. बाजूला त्याच्या मशीनचं उघडं हँडल आणि पांढरे बुश होते. सांगण्यासारखं माझं आधीच सांगून झालं होतं.

नवरा बराच वेळ त्या बोटांकडे बघत उभा होता. त्यानं स्वतःच्या हातातले मोजे काढले. मग विचारलं, "तुला कवा झालं रं?"

"यंदाच. एवढं काय न्हाई, दादा."

"एवढंच हुतं माझं बी."

तो ओट्यावर बसला. गड्याचं मशीन त्यानं पुढं ओढलं, एल-की उचलली आणि राहिलेला स्क्रू सोडवायला लागला. किल्ली स्क्रूच्या खाचेत बसत नव्हती. ती बसली आहे की नाही ते त्याला कळत नव्हतं. दोनदा निसटली, मग हातातून खाली पडली. गडी वाकून उचलायला गेला तसा नवऱ्यानं त्याला हातानं थांबवलं. स्वतः खाली वाकून त्यानं ती उचलली, बोटांनी नाही, दोन्ही तळव्यांत दाबून, आणि माझ्याकडे दिली.

"काढ," तो म्हणाला.

मी बुश काढले, रबर घातलं. तो शेजारी बसून बघत होता. गडी गेल्यावर त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला कळलं की प्रकरण आमच्या शेडपुरतं नव्हतं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटायला तो मित्रांकडे जातो. आमच्यासारखीच झाडांची कामं करणारे, कुणी पौडच्या बाजूचे, कुणी धरणाच्या पलीकडचे, कुणी घाटाच्या तोंडाशी राहणारे. गेली काही वर्षं तो पानांबरोबर एक रुमालाची पुरचुंडी द्यायचा. त्यात कातलेले नायलॉनचे बुश. सोनं घ्या, म्हणायचा. लोक खूश व्हायचे. ज्यांना बसवता येत नव्हते त्यांच्या दारात बसून त्यानं स्वतः बसवून दिले होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं कटरला हात लावला नाही. मित्राचं मागून आणलेलं मशीन मी उघडलं, त्याचे बुश बदलले आणि आम्ही ते परत द्यायला गेलो. मग पुढच्याकडे. रबराचे बुश आणि स्क्रू खोलायचे पाने मी पिशवीत घेतले होते. गाडी मी चालवायची, दारात तो आधी उतरायचा.

हे वाटलं तितकं सोपं गेलं नाही. काहींनी लगेच मशीन पुढं केलं. एकानं विचारलं की रबर फुकट देताय, कंपनीची एजन्सी घेतली का. एक जण घरी असूनही घरात नाही असं आम्हाला सांगण्यात आलं. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या दोघा भावांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि मशीन तसंच ठेवलं. नवरा रस्त्यात म्हणाला, माझंच ऐकून बसवलं, आता माझंच ऐकत नाहीत. मी म्हटलं, पुन्हा जाऊ. त्याच्या स्वतःच्या बोटांना आता काम थांबवूनही फरक पडलेला नव्हता. डॉक्टरबाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. रिसॉर्टच्या कामावर तो खाली उभा राहून फांदी कुठल्या बाजूला पडेल ते ओरडून सांगायचा, आणि मालक लोक विचारायचे की आज वर कोण आहे.

धरणाच्या पलीकडचा मित्र सगळ्यात जुना. दोघांनी एकत्र कुऱ्हाडी चालवलेल्या. त्याच्या दारात आम्ही सकाळी पोचलो तेव्हा तो अंगणातल्या ओट्यावर मशीन ठेवून चेन घासत होता. पाण्यावरून गार वारा येत होता. नवऱ्यानं काय ते सांगितलं. मित्र कानस खाली न ठेवताच हसला.

"आरं, तूच म्हनला हुतास ना, मशीन टाइट पायजे म्हनून. आता वय झालं, तर ढिलं आवडाय लागलं व्हय?"

अंगणात गुरांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद होता. नवऱ्यानं मोजे काढून खिशात घातले, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात हौदात बुडवले. मित्राला वाटलं हा हात धुतोय. तो बोलत राहिला, गावातल्या कुणाच्यातरी जमिनीच्या सौद्याबद्दल. नवरा वाकून तसाच उभा. हळूहळू मित्राचं बोलणं कमी झालं. त्याची बायको चुलीपाशी होती, ती दारात येऊन उभी राहिली.

नवऱ्यानं हात वर काढले आणि पाणी निथळत असताना त्याच्यापुढं धरले. या वेळी अंगठे सोडून सगळी बोटं पांढरी होती, मुळापर्यंत. मी ती बऱ्याच वेळा बघितली होती, तरी मला नजर वळवावी लागली.

"टोच काय बी," नवरा म्हणाला. "कळायचं न्हाई मला."

मित्रानं काही टोचलं नाही.

"आता तू घाल," नवरा म्हणाला. "हौदात. बघू दे तुझी."

मित्रानं कानस खाली ठेवली. आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. "मला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "कशाला उगाच." पण हसत नव्हता, आणि हात खिशातून काढतही नव्हता. दोघं एकमेकांसमोर उभे होते, एकाचे हात उघडे, एकाचे झाकलेले.

मित्राची बायको पायऱ्या उतरून खाली आली. माझ्याच वयाची असेल. आपल्या नवऱ्याकडे न बघता तिनं ओट्यावरचं मशीन उचललं. जड होतं, तिनं ते पोटाशी धरून आणलं आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"शर्टाची बटनं मीच लावतीय याची, दिवाळीपासनं," ती म्हणाली. "काढा तुमी."

मी खाली बसले, पिशवी उघडली आणि हँडल खोलायला घेतलं. नायलॉनचे बुश सहज निघाले, रबर बसवायला थोडा जोर लागला. काम झाल्यावर मी मशीन मित्राकडे दिलं. घ्यायचं तर त्याला हात खिशातून काढावे लागले. त्यानं काढले. डाव्या हाताची बोटं मी बघितली, त्यानंही मला बघताना बघितलं. हँडल धरून त्यानं ते हलवून पाहिलं, तसं ते थोडं हललं.

"ढिलं लागतंय," तो म्हणाला.

"व्हय," नवरा म्हणाला. "तसंच लागणार."